दोन आटे मोकळे

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पाण्याखाली काम करतो. विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढतो, धरणावरच्या जॅकवेलच्या, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीच्या, जाळ्या साफ करतो. त्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर राहुरीला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. मी कारखान्यात बावीस वर्षं देखभालीचं काम करतोय, तेव्हा तो मीच सांभाळायचा, असं बहीण-भावाने ठरवलं. मला विचारल्याचं आठवत नाही.

बारा लिटरचं रिकामं सिलिंडर दोनशे बारपर्यंत भरायला चोवीस मिनिटं लागतात. दोनशे बार म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या दाबाच्या साधारण पंचवीस पट. ही चोवीस मिनिटं मी शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहेत. गेल्या हिवाळ्यात ती सत्तावीस झाली. साबणाचं पाणी लावून पाहिलं तर हवेच्या गाळणीपुढच्या जोडावर फुगे आले. भिंतीवर "२७, जोड गळतो" असं लिहिलं आणि ड्यूटीवर गेलो. संध्याकाळी येऊन जोडाची टेप बदलणार होतो.

दुपारी मेहुण्याला फोन आला. जॅकवेलची जाळी बुजली होती, सकाळी उतरायचं होतं. त्याने माझी वाट पाहिली नाही. आमच्या गल्लीतल्या, विहिरीवरच्या मोटारी बसवणाऱ्या मिस्तरींना बोलावलं.

मी आलो तेव्हा दोन्ही सिलिंडर भरून तयार होते आणि दोघं चहा पीत होते. माझ्या सत्तावीसखाली मेहुण्याने "२४" लिहून दोन रेघा ओढल्या होत्या. मी जोडाशी वाकलो. आट्यांमधून पांढरट लगदा बाहेर आला होता आणि त्यात तंतू दिसत होते. सफेदा, म्हणजे तेलात कालवलेला पांढरा रंग, आणि सूत. आमच्याकडे नळाचा जोड असाच बसवतात, आणि तो गळत नाही हे मान्य केलं पाहिजे.

"मिस्तरी, ही हवा माणूस ओढणार आहे," मी म्हणालो.

"मग पानी काय जनावरं पित्यात व्हय? चाळीस वर्सं सफेदा लावतोय. कोन मेलं?"

"दाजींना चोवीसपण चालत नाहीत, मिस्तरी," मेहुणा म्हणाला. "तेवीस करून द्या."

मी सांगितलं की हा जोड गाळणीच्या पुढे आहे, इथे जे लागेल त्याचा वास थेट सिलिंडरमध्ये जाणार. शिवाय पंधरा मीटर खाली माणूस एका श्वासात वरच्यापेक्षा अडीच पट हवा घेतो, म्हणजे वासही अडीच पट. दोघांपैकी कोणीही कप खाली ठेवला नाही.

मग मी एका सिलिंडरला तोंडाने हवा ओढायची नळी जोडली, मिस्तरींच्या हातात दिली आणि दहा श्वास घ्यायला सांगितले. तीन घेऊन त्यांनी नळी काढली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"नव्या रंगाच्या खोलीत कोंडल्यावानी वाटतंय," ते म्हणाले.

मेहुण्याने एकच श्वास घेतला आणि कप खाली ठेवला.

मिस्तरी उठले आणि त्यांनी सरळ जोडाला पाना लावला. मी त्यांचा हात धरला. कॉम्प्रेसरच्या दाबाचा काटा अजून नव्वद बारवर होता.

"आमी चालू लायनीवर खोलतो," ते म्हणाले.

"तिथं पाणी अंगावर येतं. हे अंगातून जाईल."

त्यांनी पाना जपून खाली ठेवला. मी दाब सोडायची झडप उघडली. काटा शून्यावर येईपर्यंत तिघंही त्याच्याकडे बघत बसलो.

ते दोन सिलिंडर बाजूला ठेवले, पुढची नळी बदलली, आटे तारेच्या ब्रशने कोरे केले. टेप मिस्तरींनाच गुंडाळायला दिली, कारण त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. त्यांनी सवयीने टोकापर्यंत गुंडाळली. मी ती सोडायला लावली. टोकाचे दोन आटे मोकळे ठेवायचे, नाहीतर टेपचा तुकडा तुटून हवेबरोबर पुढे जातो आणि झडपेत अडकतो. टोक उघडं राहिलं तर गळंल, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी दुसऱ्या वेळी त्यांनी मोठ्याने "एक, दोन" मोजलं आणि तिसऱ्यापासून सुरुवात केली. फुगे आले नाहीत. घरात रिकामे असलेले दुसरे दोन सिलिंडर भरले. चोवीस आणि चोवीस.

सकाळी जॅकवेलवर मेहुण्याच्या कमरेची दोरी माझ्या हातात होती. मिस्तरी न बोलावता आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. दर दोन मिनिटांनी मी दोरीला एक हिसका देत होतो आणि खालून एक परत येत होता. एरवी मी पाच मिनिटांनी देतो. मिस्तरी माझ्या हाताकडे बघत होते आणि ओठांतल्या ओठांत मोजत होते. एकोणीस दिले, एकोणीस आले.

मेहुणा वर आला. तोंडातली नळी काढून त्याने आधी जाळीत सापडलेली चप्पल दाखवली. माझ्याआधी मिस्तरींनीच विचारलं, "हवा कशी हुती?"

त्याने जरा आठवून पाहिलं.

"कसली हवा?" तो म्हणाला.

घरी येऊन मी भिंतीवर चोवीसपुढे लिहिलं, "वास नाही."