संतोषच्या पाट्या

माणूस गेला की त्याचे किस्से वाढतात. कुरकुंभच्या कंपनीत मेंटेनन्सला आम्ही चौघे होतो, आता तिघे. कॅन्टीनला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "आन् ते आठवतंय का?" मग चहावर साय धरते आणि संतोषचा अजून एक किस्सा जमा होतो.

*

टीव्हीला जोडायचा छोटा बॉक्स, त्यातलं मीडिया सेंटरचं सॉफ्टवेअर आणि त्यावर इंटरनेटच्या साईटवरचे व्हिडिओ दाखवणारा छोटा जोड-प्रोग्राम, म्हणजे ॲड-ऑन, हे वेड संतोषचं. ॲड-ऑन तो स्वतः लिहायचा. आम्हा सगळ्यांच्या घरी त्यानंच बसवून दिला होता. साईटवाल्यांनी पत्ता बदलला की ॲड-ऑन बंद, पडद्यावर इंग्रजीत एरर, आणि संतोषला भर शिफ्टमध्ये फोन. वैतागून त्यानं ती एरर काढली आणि प्रत्येक घरासाठी वेगळी मराठी पाटी लिहिली. चित्र अडकलं की बॉक्सला चापट मारायची माझी सवय. माझ्याकडची पाटी होती, "साईट बंद हाय. बॉक्सला मारू नको, त्यानं काय केलंय?"

*

आमच्या सुपरवायझर साहेबांच्या घरी मालिका ऐन रंगात थांबायची आणि वहिनींचा राग साहेबांवर निघायचा. तिथली पाटी, "वहिनी, चूक माझी हाय. साहेबांना जेवायला वाढा."

दुसऱ्या दिवशी साहेब संतोषच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काल गरम भाकरी मिळाली रे."

*

संतोषच्या पाटसच्या मामांकडची पाटी साधी होती, "मामा, रविवारी येतो." मामांनी रविवारी मटण शिजवलं. पुढच्या आठवड्यात मामांचाच फोन, पुन्हा बंद पडलंय म्हणून. संतोष गेला, तर बॉक्सची वायरच काढलेली.

"मामा, वायर कुणी काढली?"

"उंदरानं."

"आन् गुंडाळून खुंटीला कुणी टांगली?"

"गप जेव," मामा म्हणाले.

*

मग संतोष गेला. हार्ट अटॅक, वय काय तर माझ्याएवढं. काही दिवसांनी साईटनं पुन्हा पत्ता बदलला आणि घरोघरी त्याच्या पाट्या उगवल्या. मी रडलो, खोटं कशाला बोलू. मग त्याचा कोड उघडून शिकलो, जुना पत्ता काढून नवा कुठं टाकायचा ते. एकेका घरी जाऊन ॲड-ऑन चालू केले. मामांनी त्या दिवशीही मटण केलं होतं, पण स्वतः एक घास खाल्ला नाही.

*

राहिलं भांडगाव, म्हणजे संतोषचं स्वतःचं घर. तिकडे जायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी त्याच्या आईचाच फोन आला, त्यांना मी मावशी म्हणतो. "टीव्ही नीट करून जा बाबा. मला न्हाई ऐकवत."

ऐकवत नाही म्हणजे काय, ते घरात पाऊल टाकल्यावर कळलं. संतोषचे वडील, आबा, यांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं, त्यांना वाचता येत नाही. म्हणून त्यांच्या टीव्हीवर संतोषनं पाटीऐवजी स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. आबा कुस्ती लावायला रिमोट दाबायचे. कुस्ती लागायची नाही. संतोष बोलायचा, "आबा, थांबा जरा. आलोच मी."

आबा "व्हय" म्हणायचे आणि पुन्हा रिमोट दाबायचे.

मावशी चुलीपुढं पाठमोऱ्या बसून होत्या. मी मान खाली घालून पत्ता बदलला. कुस्ती लागली. आबांनी रिमोट दाबला, दुसरी कुस्ती लागली. एकेक करून त्यांनी सगळ्या लावून बघितल्या. मग रिमोट माझ्या हातात दिला.

"लेका, पुन्ना बिघडव की."

मी मावशींकडं बघितलं. त्या उठल्या, पदराला हात पुसले, कोपऱ्यातलं खुरपं उचललं.

"बिघडव बाबा," त्या म्हणाल्या. "मी जाते मळ्यात."