कुंभकोणमात मी रुक्मिणी अडवून धरली

कुंभकोणमला जाते म्हटल्यावर आमच्या यजमानांनी पहिलं काय विचारलं, तर "आणि माझ्या भाकरीचं?"

म्हटलं, "सून आहे, पीठ आहे, चूल आहे. दात नाहीत तुम्हाला, त्याला मी काय करू?"

तेवढ्यावर परवानगी मिळाली असं धरून मी गाठोडं बांधलं. तुम्हीही जाणार असाल तर असंच धरा, वाट बघत बसू नका.

जायचं कारण माझी धाकटी बहीण द्वारकी. तिचा नवरा कुंभकोणमचा. शिवाजीराजांच्या भावानं तंजावर घेतलं त्या काळात तिकडे गेलेल्या मराठी घराण्यातला. रेल्वेच्या नोकरीनं बडनेऱ्याला आला आणि आमच्या बापानं पोरगी दिली. नोकरी संपल्यावर तो तिला घेऊन आपल्या गावी गेला, आणि मी निघाले त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी देवाघरी. माझा गुडघा धरला होता, म्हणून तेव्हा जाता आलं नाही. मग तिकडून आलेला एक सोयरा बोलता बोलता म्हणाला, "द्वारकाबाई आता गात नाहीत." माझ्या हातातली पळी थांबली. ही बाई भांडी घासतानासुद्धा गायची. तापात बडबडायची तीही सुरात. ती गात नाही म्हणजे काहीतरी झालेलं आहे, आणि ते कोणीतरी केलेलं आहे.

आता वाटेचं सांगते. आमच्या वर्ध्याहून मद्रासची गाडी सरळ मिळते. बायकांच्या डब्यात बसा, पण खिडकी आधी धरा आणि ओळख नंतर करून घ्या. दशम्या आणि तिळाची चटणी न्या, टिकतात. पुढे आंबट भाताचंच राज्य आहे. मद्रासला स्टेशन बदलावं लागतं. तिथला टांगेवाला चार आणे सांगेल, तुम्ही मराठीतून मोठ्यानं भांडा. त्याला कळत नाही, पण दोन आण्यांवर येतो. तिथून लहान रुळांची गाडी. ती डुलत डुलत सकाळी कुंभकोणमला सोडते, तेव्हा दोन्ही बाजूंना डोळ्यांत मावणार नाही एवढा हिरवा भात.

स्टेशनवर बैलगाडी घेऊन विठोजीराव आले होते. हे द्वारकीचे चुलत दीर. शेंडी, कपाळावर टिळा, कानात भिकबाळी. गल्लीतल्या विठ्ठलाच्या भजनमठाचा कारभार त्यांच्याकडे.

"अक्का, प्रवास सुखाचा जाहला कीं? तुम्हांस थोर श्रम पडले असतील," म्हणाले.

मी चरकले. आमच्याकडे असं फक्त पोथीत बोलतात. ह्या लोकांनी तीनशे वर्षांपूर्वीची मराठी फडक्यात गुंडाळून जपली आहे. बाहेर पडले की तमिळ, उंबऱ्याच्या आत पोथी. मी म्हटलं, "श्रम गाडीला पडले, मी बसून होते." त्यांना हसावं की नाही ते कळेना. भले गृहस्थ, पण परवानगीशिवाय हसत नसत.

द्वारकी मेलकावेरीत राहते, नदीच्या अंगाला. दारात उभी होती. तांबडं आलवण, मोकळं कपाळ. मी रडले नाही, रडायला नव्हते गेले. म्हटलं, "वाळलीस. कॉफी टाक."

ती कॉफी मात्र प्याच. पितळी वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत, हातभर उंचीवरून ओततात. सांडत नाहीत. मी करून पाहिलं, लुगडं भिजलं.

गावात करमणुकीला तोटा नाही, आणि पैसा लागत नाही. मी गेले संक्रांतीच्या आधी, ह्याच दिवसांचा मोसम साधा. पहाट सरली की रस्त्यानं भजन येतं. पुढे भागवतर, म्हणजे आपला बुवाच, कमरेला उपरणं, हातात चिपळ्या, खांद्याला तांब्याचा गडू. घराघरातून बायका त्यात मूठमूठ तांदूळ घालतात. संध्याकाळी मोठ्या देवळात नागस्वर वाजतं. आपल्या सनईचा थोरला भाऊ, आवाज कसला! पुढे बसू नका, मी बसले आणि रात्रभर उजव्या कानात लग्न चाललं होतं. तळ्याच्या काठी मांडव घालून हरिकथा होते. कथा तमिळमध्ये, पण मधेच साकी, मधेच दिंडी, ही चक्क मराठी पदं. सगळं गाव माना डोलावतं, अर्थ कुणाला ठाऊक नाही. शेजारच्या कामाक्षी मामींना तर मी विचारलंच. ह्या तमिळ, पण भजनातून मराठी शिकलेल्या.

"मामी, अभंगाचा अर्थ कळतो?"

"कळते, अक्का. देव मोटा, मी लहान." मग जरा विचार करून, "सगळ्या अभंगात तेच आहे."

यावर आमच्या बुवांना दोन दोन तास लागतात.

सगळीकडे द्वारकी माझ्याबरोबर यायची, खांबाआड बसायची आणि ओठ मिटून घ्यायची. चौथ्या खेपेला मी धरलं. "तू गात काऊन नाही वं?"

"गळा बसला."

"खोटं बोलू नको. काल मांजरीले हाकललं ते तीन घरं ऐकू गेलं."

मग बाहेर पडलं. मठात दर वर्षी संक्रांतीनंतर रुक्मिणीचं लग्न लावतात. खरंखुरं लग्न, मांडव, मुहूर्त, जेवणावळ. नवरीला झोपाळ्यावर बसवायला नेताना बायका गातात, आणि ते गाणं इतकी वर्षं द्वारकीचं होतं. तमिळ बायका फक्त तेवढं ऐकायला यायच्या. आता ती विधवा. मंगल गाणं सुवासिनींनीच गायचं. कोणी नाही म्हटलं नव्हतं. फक्त गेल्या वर्षी तिला पुढे बोलावलं नाही, बस. तेव्हापासून तिनं घरातलंही गाणं टाकलं.

"जाऊ दे, माई," ती म्हणाली. "देवाच्या घरची रीत आहे."

मी विठोजीरावांकडे गेले. त्यांनी हात जोडले. "आम्हीं काय करावें जी? वहिनींचा कंठ आम्हांसही प्रिय. परंतु रीत पूर्वापार. शास्त्रांत आधार पाहिजे." मी दुसरीत शाळा सोडलेली बाई, शास्त्रात कुठे शिरणार? उठून आले.

पण निघताना ते एक बोलून गेले. "अक्का, तुम्ही विदर्भाच्या. म्हणजे रुक्मिणीच्या माहेरच्या. आजवर मुलीकडचें माणूस ह्या मठांत कधीं आलें नाहीं. ह्या वर्षीं नवरी तुमच्या मांडीवर बसवूं." डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मी म्हटलं, "द्वारकीही तिकडचीच की." तर म्हणे, त्या आमच्या घरच्या सून, त्या नवऱ्याकडच्या.

बरं म्हटलं. नवऱ्याकडची तर नवऱ्याकडची. घरी येईपर्यंत मी वाटेत दोनदा एकटीच हसले. रस्त्यावरच्या एका गाडीवानानं मागे वळून पाहिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मठ भरला. केळीचे खुंट, फुलांच्या माळा, जमिनीवर तांदळाच्या पिठाची रांगोळी. मला जरीचं लुगडं नेसवून पाटावर बसवलं आणि रुक्मिणी मांडीवर दिली. पंचधातूची, वीतभर उंच, पण वजनाला चांगली भरलेली. माहेरचं खाणं अंगी लागलं असावं. भागवतर गाऊन गाऊन लाल झाले. मृदंग, झांजा, सगळा मठ उभा. नागस्वरवाल्यानं गाल फुगवले, विठोजीराव नवरीला घ्यायला वाकले, आणि मी तिला पदराखाली घेतलं.

"देत नाही."

नागस्वर एक लांब सूर काढून विझलं.

"अक्का?" विठोजीराव म्हणाले.

"एकदा न विचारता पळवून नेली आमची पोर. रथ काय, घाई काय. तिच्या आईबापाला ना मान, ना पान, ना निरोप. तेव्हापासून आम्ही गप्प बसलो. आता तुम्ही माझ्या मांडीवर दिलीत, तर विचारून न्या."

कामाक्षी मामींनी मागच्या बायकांना तमिळमध्ये सांगितलं. एक खसखस पिकली. पुरुषांच्या बाजूला कुजबुज, त्यातले दोघे-तिघे मान हलवत होते, की बाई बोलते ते खरं आहे. पळवली तर होतीच.

भागवतर शहाणे होते, हात जोडून पुढे आले. विठोजीरावांमार्फत विचारलं, माहेरची काय मागणी आहे?

"मागणी कसली? रीत आहे," मी म्हटलं. "आमच्या विदर्भात नवऱ्याची वहिनी गाऊन नवरीला बोलावते. आणि घरात विधवा वहिनी असेल तर मान तिचा पहिला. तिनं संसार पुरा पाहिलेला असतो, ती नवरीला खोटं सांगत नाही. ती गायल्याशिवाय आम्ही पोरीला उठू देत नाही."

विठोजीराव पांढरे पडले. "ऐसी रीत आहे तिकडे?"

"रुक्मिणीच्या माहेराहून तुम्ही आलात की मी?"

मुहूर्त डोक्यावर. माझ्या मांडीला मुंग्या आल्या होत्या, पण मी हलले नाही. विठोजीरावांनी भागवतरांकडे पाहिलं. भागवतरांनी विठ्ठलाकडे पाहिलं. विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा, त्याला कसली घाई? मग विठोजीराव स्वतः खांबाकडे गेले आणि वाकून म्हणाले, "वहिनी, आमची नवरी अडली आहे. यावें."

द्वारकी उठेना. माझ्याकडे बघत होती, लहानपणी मी तिला विहिरीच्या काठावर चढवायची तेव्हा बघायची तशी. मी डोळे वटारले. ती आली.

पहिला सूर घोगरा निघाला. वर्षभर बंद राहिलेलं दार ते. दुसरा लागला. आणि काय गायली? गोड गोड काही नाही. नवऱ्याला शिव्या! काळा कसा, उघडा कसा, काम सांगितलं की कमरेवर हात ठेवून उभा कसा, अशा पोराला कोण पोर देईल. आमच्या आईचं गाणं ते, विहिणीला चिडवायचं, तिनं देवाला लावलं. मामी पदरात तोंड घालून हसत होत्या. मृदंगवाल्यानं ठेका धरला, मग नागस्वरानं मागून हळूच सूर लावला. बायका एकेक करत तिच्या मागे उभ्या राहून ओळ उचलायला लागल्या. भाषा न कळणाऱ्याही. विठोजीराव हसले. मी पाहिलं, दात बरे होते, इतकी वर्षं उगाच लपवले.

मी नवरी दिली. मग मला उठवायला दोघी लागल्या.

जेवण केळीच्या पानावर. पायसम दोनदा घ्या, ताकभात येईपर्यंत उठू नका, अपमान समजतात. निघायच्या दिवशी द्वारकी स्वयंपाकघरात गात होती आणि डाळ करपली होती. मी ती करपलेलीच खाल्ली.

घरी आले तर यजमान अंगणात. "काय आणलंस?"

"पितळी वाटी आणि गुडघा. तोच, जुना."

त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. मधे तोच सोयरा पुन्हा येऊन गेला. ह्या संक्रांतीलाही मठात नवरी अडवली म्हणे, कामाक्षी मामींच्या मांडीवर. आणि द्वारकीबरोबर गल्लीतल्या आणखी दोन विधवा उभ्या राहून गायल्या. कोणी परगावचा पाहुणा नाक मुरडायला लागला, तर विठोजीराव त्याला म्हणाले, "ही विदर्भाची पूर्वापार रीत आहे जी. खुद्द रुक्मिणीच्या माहेरची."

मागच्या महिन्यात आमच्या नातीचं लग्न झालं. माझी जाऊ, पांढऱ्या कपाळाची, कोठीघरात तांदूळ निवडत बसली होती, मांडवाकडे पाठ करून. मी तिला हात धरून आणलं आणि नवरीपुढे उभं केलं. व्याही पुढे सरसावले. "ही कुठली रीत?"

"दक्षिणेतली," मी म्हटलं. "कुंभकोणमला देवाच्या लग्नातसुद्धा अशीच असते. जाऊन विचारा."

जाऊन विचारलं तरी खरंच निघेल.