खापरावरचे मांडे आणि माझी गल्ली

वीस वर्षं लोकांच्या लग्नात, साखरपुड्यात मी मांडे केले. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. माझा हात पातळ, म्हणून बोलावणं पहिलं मला. काम झालं की ओटीत नारळ आणि खण. माझ्याकडे इतके खण साठले की पेटीचं झाकण बसेना, आणि त्यातले निम्मे हिरवे.

मुलगी कॉलेजसाठी नंदुरबारला गेली, घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा मनात आलं की हेच काम आपला धंदा म्हणून करावं. आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगायलाच मला आठ दिवस लागले. ते मात्र लगेच उत्साहात आले आणि पाटी रंगवून आणली : येथे ऑर्डरप्रमाणे खापरावरचे मांडे मिळतील, खाली फोन नंबर. त्यांनी ती दारावर लावली. येणारेजाणारे थांबून वाचायला लागले, म्हणून मी ती काढून मागे गोठ्यात टांगली. महिनाभर ती फक्त म्हशींनी वाचली.

तरी पहिली ऑर्डर आली, ती मुलीने तिकडे कुणाला सांगितलं म्हणून. नंदुरबारच्या एका कॉलनीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, मुलाच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार आहेत, चाळीस मांडे पाहिजेत, सगळे एकसारखे पातळ, दुपारी बाराच्या आत. आवडले तर आमच्या कॉलनीत दुसऱ्या कुणाकडून घेणार नाही. मी फोनवर मान हलवत होते. मालकांनी फोन घेऊन "हो" सांगितलं.

मला माझं ठाऊक होतं. ही ऑर्डर बिघडली तर दुसऱ्यांदा तोंड वर काढायची हिंमत माझ्यात नव्हती. पाटीसुद्धा म्हशींसमोरून काढावी लागली असती.

त्या दिवशी पहाटेच पुरण वाटून ठेवलं, कणीक तिंबली, अंगणातली चूल पेटवली. गल्लीत कुणाला काही बोलले नव्हते. लाजेने नाही बोलले, आणि तिथेच चुकलं. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगणात खापर तापलं की बायका हात धुऊन येतात. बोलवायची पद्धत नाही. जी येत नाही, तिचं भांडण आहे असं समजतात. मांडे कधी कुणी एकटीने केलेले मी पाहिलेले नाहीत. ही पद्धत मला माहीत होती, पण धंदा सुरू केल्यावर ती आपोआप बंद होते असं मला वाटलं होतं.

आठच मांडे झाले होते, तेवढ्यात चुलतसासूबाई, आमच्या काकू, दारात उभ्या. गल्लीत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. मागे सहा जणी.

"कोनी येई ऱ्हायनं वं? पोरले पाव्हना देखाले येवाव शेत का?"

मी नेहमीप्रमाणे गप्प. गप्प राहिले म्हणजे मुलीचं स्थळ नक्की, असं सगळ्यांनी धरलं. पोरगा नोकरीला आहे इथपर्यंत त्यांनी आपसात ठरवून टाकलं आणि पदर खोचून बसल्या. चुलतसासूबाईंनी मला बाजूला सारून खापर ताब्यात घेतलं. त्यांचा मांडा गोधडीसारखा. दुसरीचा हातातच फाटायचा, ती त्याला ठिगळ लावायची. एकीने पुरणात जायफळ किसलं, दुसरीने ते कळायच्या आत पुन्हा किसलं. एक जण फक्त चव बघत होती. मी जाडे मांडे गुपचूप वेगळ्या टोपलीत टाकत होते आणि पातेल्यातलं पुरण खाली खाली जात होतं. दहा वाजले. रिक्षा अकराला येणार. मी दाराकडे बघून मालकांना खुणावलं, तुम्ही सांगा. त्यांनी सगळं पाहिलं आणि शेतातली मोटार बघायला निघून गेले.

"काकू, उठा," मी म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले, तर आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले.

"काकू, खापरजोगून उठा. हाऊ मन्हा धंदा शे. मी एकलीच करसू."

काकूंच्या हातावरचा मांडा लोंबत राहिला. आता ही बाई जन्मभर माझ्याशी बोलणार नाही, असं मला वाटलं. पण त्या माझ्यावर चिडल्याच नव्हत्या.

"लोके मांडा इकत लेतस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नंदुरबारच्या एका बाईंनी मागवलेत, त्यांच्याकडे व्याही जेवायला येणार आहेत. काकू बराच विचार करून म्हणाल्या, "तिले गल्ली नही का वं?"

मी म्हटलं, कॉलनी आहे.

त्या बाईची सगळ्यांना इतकी कीव आली की भांडायचं राहूनच गेलं. व्याही येणार आणि हाताशी एक बाई नाही. काकू उठल्या, हात धुतले, बाकीच्यांनाही उठवलं. पण घरी कुणी गेलं नाही. ओळीने ओट्यावर बसून माझा प्रत्येक मांडा तपासू लागल्या. जरा जाड दिसला की काकू म्हणायच्या, हा त्या बिचारीच्या व्याह्यांना नको, आणि तो ओट्यावरच संपायचा. पुरण कमी पडलं तेव्हा एकीने घरून आणून दिलं. रिक्षावाल्याला काकूंनी चहात गुंतवून ठेवलं. चाळीस मांडे पावणेबाराला पोचले. संध्याकाळी बाईंचा फोन आला, पुढच्या आठवड्यात शेजारणीला तीस पाहिजेत. या वेळी मीच बोलले. "हो" एवढंच, पण मी.

जाडे मांडे दुधात कुस्करून खाऊन बायका उठल्या. जाताना काकू थांबल्या.

"तुन्हा धंदा शे ना, मंग आम्ही नही येसूत. पन नका या म्हनीसन सांगाले तरी येशी का नही?"

तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरच्या आदल्या दिवशी मी सात घरी जाते आणि उद्या येऊ नका, असं आवतन देते. प्रत्येक घरी बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, कुणासाठी ऑर्डर आहे ते सांगावं लागतं. मांडे त्यापेक्षा पुष्कळ लवकर होतात. सहा जणी शब्द पाळतात. काकूही पाळतात, पण आठाच्या सुमाराला त्यांना माझ्या ओट्यावर बसून लसूण निवडायचा असतो.