डाव्या तळव्यावरची शाई

मंडळी, डाव्या तळव्यावरची शाई अजून निघत नाहीये.

खालापूरच्या शाळेत आज सातवीच्या फायनलच्या सराव परीक्षेचे पेपर हातात मिळाले. गणिताची सगळी उत्तरं बरोबर आणि मी नापास!

मास्तर कडाडले, "रीत कुठाय? कुणाचं बघून लिहिलंस?"

"नाय मास्तर! पाटीवर केली नि पुसली."

"मग आता माझ्यासमोर कर. कागदावर."

सगळा वर्ग बघत होता. मी घाबरत रीत मांडली, उत्तर लिहिलं आणि डावा हात आपसूक, पाटी पुसावी तसा, रीतीच्या ओल्या शाईवरून फिरला.

मास्तर हळूच म्हणाले, "चोरी नाही गं. सवय आहे."

सोमवारी खरी परीक्षा. नापास झाले तर माथेरानच्या हॉटेलात भांडी घासायची. सांगा, डावा हात घरी ठेवून जाता येईल का?