हात भरून होईस्तोर

शेवंता मावशी गेल्याची खबर आली तवा मी ताडकळसच्या बाजारात एका बोकडाचे दात बघायलो होतो. गिऱ्हाइकानं मावशीचं सांगितलं अन् मी म्हणलो, "दोनदातीच हाय, घेऊन टाका." असलं माझं डोकं… घरी येईस्तोर काय ऐकलं ते उमगलंच न्हाई. आता महिना होत आला. मला लिवता येत न्हाई. मी बोलायलोय अन् नात लिवून घ्यायलीय.

मावशी कासारीण. बाजारात बांगड्या भरायची. आमी शेळ्यावाले तिच्या समोरच बसायचो. माझी संगी आठेक वर्षांची होती तवाची गोष्ट. एक शेळी तिच्या हाती देऊन मी गप्पा हाणायला गेलो. शेळी सुटली ती थेट कोथिंबिरीच्या पाटीत. माणसं माझ्यावर हसली. एरवी मीच लोकायला हसवतो, पण त्या दिवशी लय झोंबलं. भर बाजारात पोरीला मारायला लागलो. दाव्याची गाठ मीच ढिली मारली होती, हे मारतानाबी ठाऊक होतं. सगळे बघत उभे. एक जण वरडला, माणूस हायस का कोण हायस. तर माझी पोर हाय म्हणून मी अजून दोन ठेवून दिल्या.

मावशी वरडली न्हाई. बसल्या जागून संगीचं मनगट धरलं, समोर बसवली अन् बांगडी चढवली. आमच्याकडं अर्ध्या भरल्या हातानं कुणाला उठवत न्हाईत, अपशकून मानतेत. माझा हात वरच ऱ्हायला. मावशी लय सावकाश भरायली… एकेक बांगडी, पोरीचा पंजा दाबून दाबून. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बस की सावलीत. तांब्यात पाणी हाय. उनाचा आलायस." पाणी पिईस्तोर राग उतरला अन् लाज वाटायला लागली.

लाज मला पचत न्हाई. मी तिचा किस्सा केला. लग्नात, पारावर, एस्टीत… हात वर करून मी कसा खांबावानी उभा होतो, ते करून दाखवायचो. माणसं पोट धरून हसायची. एकदा मावशीपुढंबी केलं. ती हसली न्हाई. म्हणाली, "पोरीला इचारलंस का रे कधी?" मी म्हणलो, तिला काय इचारायचं, तिला तर बांगड्या फुकट भेटल्या.

मावशी गेल्यावर संगी माहेराला आली. तिचीच लेक हे लिवायलीय. संगी भाकरी थापायली होती. मी चुलीजवळ बसलो अन् इचारलं, इतक्या वर्षांनी. तिनं परातीतून नजर वर केली न्हाई.

"मार मी इसरले असते, आबा. पण तुमी हसून सांगायचात. माणसं हसायची तवा मी तिथंच असायचे."

चुकलं माझं, एवढं म्हणेस्तोर भाकरी थंड झाली. अन् मावशीला सांगावं, इचारलं गं एकदाचं, तर मावशी न्हाई…

तिची बाजारातली जागा अजून मोकळी हाय. परवा तिथं एक बाई लेकराला बदडायली होती. माणसं जमली होती. मी जवळ गेलो. म्हणलो, "ताई, पिशवी द्या इकडं. घडीभर टेका." बाई टेकली अन् रडायलाच लागली. तिला हसवायला माझा किस्सा पार व्हटावर आला होता. गिळला. तिची पिशवी मांडीवर घेऊन गप बसलो.