हिरव्या दिव्याकडे बघताना

चष्म्याला मी अगदी विटले होते. हॉकीत मी गोलकीपर. हेल्मेटच्या आत काचांवर वाफ धरायची, आणि लेन्स घातल्या की मैदानातल्या धुळीने डोळे लालभडक. कोच भैयांनी सरळ सांगून टाकलं, "आँख ठीक करा लो, वरना गोल में कोई और खड़ी होगी." आई म्हणाली, "डोळ्यांशी कसले खेळ करतेस?" पण मी ऐकते कुठली!

लेझरने चष्मा घालवणारे डॉक्टर आमच्यातलेच निघाले. झाशीत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे पहिल्याच भेटीत ते काका झाले. म्हणाले, "तुझी नजर बाहुलीच्या बरोबर मधून जात नाही, जराशी नाकाच्या बाजूने जाते. लेझरचा मध्य मला त्या नजरेवर धरायचाय. तू फक्त मशीनमधल्या हिरव्या दिव्याकडे बघत राहा. मध्य सरकला तर रात्रीच्या दिव्यांत एकाचे दोन चेंडू दिसतील."

दोनातला कुठला अडवू मी?

ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर झोपवलं. थेंबांनी डोळा बधिर केला, पापण्यांना चिमटा लावला. मशीनची टकटक सुरू झाली, केस जळाल्यासारखा वास आला. तेवढ्यात काका मायेने म्हणाले, "छान हं बाळा, असंच." आणि माझा डोळा सर्रकन त्यांच्याकडे! त्यांनी पॅडलवरचा पाय उचलला, मशीन थांबलं.

पुन्हा दिवा, पुन्हा टकटक. "शाब्बास, थोडंच राहिलंय." डोळा पुन्हा तिकडे.

सिस्टर मघापासून हिंदीत बडबडत होती, तेव्हा डोळा जराही हलला नव्हता. पण इथे घराबाहेर मराठी कानावर पडली की घरचंच कोणी बोलावतंय असं वाटतं. आणि आमच्याकडची शिस्त अशी, की मोठं माणूस बोललं की त्यांच्या तोंडाकडे बघून 'जी' म्हणायचं. नाहीतर बाबा खवळायचे. तीच शिस्त आता माझ्या डोळ्यांवर उठली होती. माझा मलाच असा संताप आला!

"काका," मी म्हटलं, "आता तुम्ही एकदम चूप बसा. एक अक्षर बोलायचं नाही."

मोठ्यांशी असं मी जन्मात बोलले नव्हते. सिस्टर फिसकन हसली. काका 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत.

टकटक सुरू झाली. दिवा पसरला, विरघळला, नुसता हिरवा डाग उरला. मी त्या डागाच्या मधोमध नजर रोवली. दात ओठ खाऊन, मुठी आवळून. काय व्हायचं ते होऊ दे, पण हलायचं नाही. दुसऱ्या डोळ्यालाही तेच.

मग पट्टी, आग, पाणी, आठवडेच्या आठवडे धूसर. काका म्हणायचे धीर धर, आणि धीर तर माझ्याकडे मुळातच कमी.

दोन-अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी मैदानातले दिवे लागले आणि मी गोलमध्ये उभी राहिले. पहिला फटका आला. चेंडू एकच होता. पायाने तो बाहेर भिरकावला आणि तिथेच उभ्या उभ्या रडले.