चिकटवलेली दोन पाकिटं

चहा सांडला तो भाच्यानेच. त्यात वाऱ्याचा, मांजराचा किंवा टेबलाच्या डुगडुगत्या पायाचा काडीचाही दोष नव्हता. कथास्पर्धेची शेवटची तारीख होती, वाचनालय पाचला बंद होणार होतं, घड्याळात चार वीस झाले होते, आणि हा पठ्ठ्या आपल्याच कथेचं शेवटचं वाक्य हातवारे करून स्वतःलाच ऐकवत बसला होता. तिसऱ्या हातवाऱ्याला कप आडवा झाला.

कथा बचावल्या. दोन्ही खुर्चीवर ठेवलेल्या होत्या, एक त्याची आणि एक मामाची. मामाला कामावरून सुटायला सहा वाजायचे, म्हणून त्याची कथाही भाच्यानेच पोचवायची होती. भिजली ती टेबलावरची छोटी पाकिटं. या स्पर्धेचा नियम असा की, कथेवर लेखकाचं नाव घालायचं नाही, फक्त शीर्षक. नाव आणि पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, ती पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं, त्यावर कथेचं शीर्षक लिहायचं आणि ते कथेला टाचायचं. परीक्षक निकाल लावतात आणि मगच पाकीट फोडतात. म्हणजे कोण कुणाचा कोण हे कुणाला कळायला नको.

भाच्याने ओल्या पाकिटांतून चिठ्ठ्या काढल्या, फुंकर मारून वाळवल्या, आईच्या कपाटातून शेवटची दोन कोरी पाकिटं शोधली, चिठ्ठ्या आत सरकवल्या आणि दोन्ही पाकिटं जीभ लावून झकासपैकी चिकटवली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की वर शीर्षक लिहायचं राहिलंय. जुळ्या भावंडांसारखी दोन पांढरी पाकिटं त्याच्याकडे बघत पडली होती. त्याने ती खिडकीशी धरून पाहिली. कागद जाड, आतलं काही दिसेना. फोडावीत तर घरात तिसरं पाकीट नाही, आणि घड्याळ म्हणत होतं पावणेपाच.

"डावं माझं," तो स्वतःला म्हणाला. मग जरा थांबून, "डावंच माझं," असं ठासून म्हणाला, आणि शीर्षकं लिहून पळत सुटला.

हा मामा म्हणजे त्याच्या आईचा धाकटा भाऊ. वीजकंपनीत मीटर वाचायचं काम. सत्तावीस वर्षं तो लोकांच्या जिन्याखाली, गोदामामागे, सायकली आणि मोडक्या खुर्च्यांच्या मागे वाकून आकडे टिपत आला होता. दिवसाला ऐंशी घरं. कमरेला टॉर्च, हातात आकडे भरायचं यंत्र, आणि कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं. घराघरातून "घरात कोणी नाहीये हो!" असं आतून ओरडून सांगणाऱ्या माणसांचा त्याला भारी अनुभव. तो तितक्याच अदबीने बाहेरून विचारायचा, "मग बोलतंय कोण, मीटर?"

आणि हा माणूस बावीस वर्षं स्पर्धांमध्ये भाग घेत होता. कुठेही "लेखन मागवत आहोत" असं छापून आलं की मामाचं पेन निघायचं. कथा, निबंध, घोषवाक्य, काही म्हणून सोडलं नाही. दंतवैद्यांच्या एका संघटनेने "दात आणि आपण" असा निबंध मागवला होता, त्यात मामाला उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून टूथब्रश मिळाला. बावीस वर्षांतली ती एकमेव कमाई. बाकी सगळी सहभागाची प्रमाणपत्रं. ती एका फाइलमध्ये तारखेवार लावलेली. नियम मात्र तो अक्षरशः पाळायचा. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं म्हणजे एकाच बाजूला. पंधराशे शब्द म्हणजे पंधराशे, आणि ते तो बोटाने एकेक मोजायचा, मीटरचे आकडे वाचावेत तसे.

भाचा एम.ए.ला साहित्य शिकत होता, आणि एम.ए.ला साहित्य शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी जी शिंगं फुटतात ती त्यालाही फुटली होती. त्याच्या कथेचं शीर्षक होतं "अस्तित्वाचे काळे कवडसे". मामाच्या कथेचं शीर्षक होतं "तीन युनिट". मामाने मोठ्या हौसेने ती त्याला वाचायला दिली तेव्हा त्याने पहिलं पान वाचलं, उरलेली पानं अंगठ्याने फर्रकन उलटली आणि म्हणाला, "छान आहे रे मामा. पण आशयाची खोली जरा कमी पडते."

"खोली कमी पडते होय," मामा गंभीरपणे म्हणाला. "पुढच्या वेळी दोन खोल्यांची लिहितो."

दीड महिन्याने एकाच दिवशी दोन पत्रं आली. वाचनालयाची पद्धत चांगली होती. हरलेल्यालाही परीक्षकांचा दोन ओळींचा शेरा पाठवायचे. भाच्याच्या पत्रात लिहिलं होतं की आपल्या कथेस प्रथम पारितोषिक देण्यात येत आहे, समारंभास उपस्थित राहावे, तसेच पुढच्या महिन्यात वार्षिक अंकाच्या प्रकाशनाला त्याच सभागृहात आपण आपल्या कथेचे वाचन करावे. कथेचं नाव कुठेही नव्हतं, आणि ते असायला हवं असं भाच्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याची एकच कथा होती. आईने ही बातमी वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत पोचवली, वाटेत लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही.

संध्याकाळी मामा आला. भाच्याच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाला, "काय लेखकराव! आता ओळख दाखवाल ना?" मग त्याने स्वतःचं पत्र खिशातून काढून वाचून दाखवलं. "शब्दांचा फुलोरा पुष्कळ, अनुभव नाही. लेखकाने थोडे घराबाहेर पडावे."

आई हसली. भाचाही हसला.

"दिवसाला ऐंशी घरं हिंडतो," मामा म्हणाला, "अजून किती बाहेर पडू? देशाबाहेर?" मग पत्राची घडी घालता घालता सहज बोलल्यासारखा म्हणाला, "ताई, आता बास. बावीस वर्षं झाली. त्या परीक्षकांना तरी किती छळायचं! आता आपल्या घरात हा आहे लिहिणारा."

त्या क्षणी भाच्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला अभिमान वाटला. पुढे अनेक दिवस हे एवढंच त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं टोचत राहिलं.

समारंभाला मामा इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसला होता. परीक्षक म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. भाच्याचं नाव पुकारलं, तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढला, आणि तो तिसऱ्या पायरीवर असताना बाई माइकवर म्हणाल्या, "प्रथम पारितोषिक, कथा, तीन युनिट."

चौथी पायरी तो कशी चढला हे त्याला आजही आठवत नाही.

बाई कथेचं कौतुक करू लागल्या, आणि ती कथा भाच्याने पहिल्यांदा तिथे, हातात सन्मानचिन्ह धरून, पूर्ण ऐकली. एका म्हातारीच्या घराचं मीटर. महिन्याला नव्वद युनिटं, मग साठ, मग बावीस. मीटर वाचणाऱ्याच्या लक्षात येतं की फ्रिज बंद झालाय, मग टीव्ही, मग संध्याकाळचा दिवासुद्धा. तो सुट्टीच्या दिवशी उगाचच त्या घराची बेल वाजवू लागतो. पुढच्या महिन्यात आकडा तीन युनिटांनी वाढतो. तो येईल म्हणून म्हातारीने जिन्यातला दिवा लावून ठेवायला सुरुवात केलेली असते.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि माइक भाच्यापुढे धरला. "इतक्या लहान वयात हे कसं सुचलं हो तुम्हाला?"

तेवढ्या वेळात खरं सांगता आलं असतं. वाक्य चार शब्दांचं होतं, "ही माझ्या मामाची कथा." आईने नवी साडी नेसली होती, मागच्या रांगेत वर्गातली सगळी टोळी मोबाइल उंच धरून उभी होती, आणि भाच्याची जीभ टाळूला चिकटली. ती सुटली तेव्हा तिच्यातून एकच शब्द पडला.

"निरीक्षणातून," तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाच्याने तिसऱ्या रांगेकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि नेमकं पाहिलं. मामाचे हात मांडीवर होते. मग आईने त्याला कोपर मारलं. "अरे, टाळ्या वाजव ना, भाचा आहे तुझा!" मामाने टाळ्या वाजवल्या. संपल्यावर हात जोडून सगळ्यांच्या आधी निघून गेला. "उद्या तीन इमारती करायच्या आहेत," एवढंच बोलला.

भाचा त्या दिवसापासून घरात चोरासारखा वावरू लागला. आईने सन्मानचिन्ह टीव्हीवर मांडलं, तर त्याने बातम्या बघणं सोडलं. कुणी अभिनंदन केलं की त्याचे कान पेटायचे, आणि लोक म्हणायचे, "किती लाजाळू आहे!" त्या रविवारी मामा आला नाही. एरवी मामाचा रविवार चुकायचा नाही. आईने फोन केला तर म्हणाला, पाठ धरलीये.

कबुलीजबाब भाच्याने लिहूनच काढला. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात "नियती" हा शब्द तीनदा आला होता आणि "मी" एकतीसदा. वाचून त्याची त्यालाच शिसारी आली. घराबाहेर पडावे असा शेरा ज्या माणसासाठी होता तो माणूस कोण, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो उठला आणि घराबाहेर पडला.

मामा त्याला बाजारामागच्या एका चारमजली इमारतीत, जिन्याखाली सापडला. गुडघ्यावर बसून टॉर्चच्या उजेडात काच पुसत होता. मान न वळवता म्हणाला, "आलास? घे, हा टॉर्च धर. जरा डावीकडे. माझ्या डावीकडे."

भाच्याने टॉर्च धरला.

"मामा, ते पाकीट..."

"तूच चिकटवलंस ना?"

"हो. चहा सांडला होता. आधी चिकटवली आणि मग शीर्षकं लिहिली. दोन्ही सारखीच होती."

"शून्य चार सात एक दोन," मामाने यंत्रात आकडा भरला. "शेजारचं दाखव. मग?"

"मग अंदाजाने लिहिलं. पण मामा, समारंभापर्यंत मला खरंच माहीत नव्हतं. शपथ."

"माहीत आहे मला. तुझं तोंड दिसत होतं की तिथून. गाडी सुटल्यासारखं झालं होतं." मामाने पुढच्या मीटरवरचं जाळं बोटाने काढलं. "पाकिटाचं काही नाही रे. सत्तावीस वर्षांत मीपण एकाचं बिल दुसऱ्याला लावलंय, शिव्या खाल्ल्यात. पण 'निरीक्षणातून'?"

भाच्याच्या हातातला उजेड जमिनीवर गेला.

"कथा वाचली होतीस तू?"

"पहिलं पान," भाचा पुटपुटला.

"वर धर टॉर्च. आकडा दिसत नाही."

वरून एक बाई जिना उतरत आली, जिन्याखाली दोन माणसं बघून दचकली. "मीटर, बाई, मीटर," मामा म्हणाला. "आणि हा भाचा. हुशार आहे." बाई "हो का" म्हणून निघून गेली. भाच्याला वाटलं, जिन्याखालची फरशी उघडली तर बरं.

त्याला रडू येत होतं, आणि मामासमोर रडलो तर मामा विरघळेल, हेही कुठेतरी आत माहीत होतं. त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. त्याने दोन दिवस मनात घोळवलेली तोड पुढे केली.

"मामा, अंक अजून छपाईला गेलेला नाही. मी आजच वाचनालयात जातो. सचिवांना एकट्याला गाठून सांगतो, पाकिटांची अदलाबदल झाली म्हणून. ते नाव बदलतील. प्रमाणपत्रही नवं देतील. सन्मानचिन्ह मी संध्याकाळी घरी आणून देतो, आईला सांगेन की नाव कोरायला दिलंय. आणि प्रकाशनाला मी आजारी आहे म्हणून कळवतो, म्हणजे वाचनाचाही प्रश्न मिटला. कुणाला काही कळणार नाही, आईलासुद्धा नाही. चालेल ना?"

मामाने टॉर्च त्याच्या हातातून घेतला, विझवला, गुडघे झाडत उभा राहिला आणि म्हणाला, "माइकवर घेतलंस, माइकवरच परत दे."